टॉमकॅटचे थ्रेड वाढत चाललेत? आधी त्यांची नावं वाचा

चवथ (गणेश चतुर्थी) चार दिवसांवर आलेली असते, गोव्यात म्हापशाच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-भाज्यांच्या सजावटीचं, सामान उतरत असतं, आणि घाऊक व्यापारी टॉमकॅट या जावाच्या सर्व्हरवर चालणाऱ्या ज्या ॲप्लिकेशनवर ऑर्डर टाकतात ते मध्येच गप्प होतं. लॉगच्या शेवटी एक ओळ दिसते : ‘आउट ऑफ मेमरी एरर : अनेबल टू क्रिएट न्यू नेटिव्ह थ्रेड’. सपोर्टला नवीन लागलेला माणूस त्यातला ‘मेमरी’ एवढाच शब्द वाचतो, हीप (जावाचा डेटा राहतो ती मेमरी) २ जीबीची ४ जीबी करतो आणि सर्व्हर पुन्हा चालू करतो. दोन दिवसांनी परत तेच होतं, कधी तर आधीपेक्षा लवकर.

हीप वाढवून हे जात नाही, कारण थ्रेडचा, म्हणजे प्रोग्रामच्या आत स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा, स्टॅक (चालू मेथडची यादी ठेवायची जागा) हीपमध्ये नसतोच. ६४ बिट लिनक्सवर जावा प्रत्येक थ्रेडसाठी हीपबाहेर साधारण १ एमबी जागा राखून ठेवते. राखलेली सगळी जागा लगेच रॅम खात नाही, जेवढी पानं वापरली जातात तेवढीच खातात. पण हीप फुगवली की बाहेर उरतं ते कमीच. शिवाय ही एरर बहुतेक वेळा मेमरी संपल्यामुळे येतही नाही. ऑपरेटिंग सिस्टिमने थ्रेडच्या संख्येवर घातलेली मर्यादा लागली की येते.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या नेहमीसारख्या रोमन लिपीतच टाईप करायच्या. उदाहरणं टॉमकॅट आणि लिनक्सची आहेत. टॉमकॅटऐवजी जेटी किंवा अंडरटो हा सर्व्हर असेल तर थ्रेडची नावं बदलतील, तपासाची रीत तीच राहील.

आधी मोजा, आणि दुपारी मोजा

‘पीएस -ओ एनएलडब्ल्यूपी -पी’ आणि पुढे जावाचा प्रोसेस क्रमांक दिला की एकच आकडा येतो, तो त्या प्रोसेसच्या एकूण थ्रेडचा. ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये त्या क्रमांकाखालच्या ‘स्टेटस’ फाइलमध्ये ‘थ्रेड्स’ या ओळीतही तोच आकडा असतो. एकदा बघून काही कळत नाही. दर ६० सेकंदांनी वेळ आणि आकडा एका फाइलमध्ये लिहिणारी चार ओळींची शेल स्क्रिप्ट लावा आणि निदान एक पूर्ण दिवस चालू ठेवा.

गोव्यात ही मोजणी सोपी पडते, कारण बाजारावर चालणाऱ्या ॲप्लिकेशनला रोज एक नैसर्गिक विश्रांती मिळते. दुपारी एकच्या सुमाराला दुकानांची शटरं खाली येतात आणि चारपर्यंत ऑर्डर जवळजवळ थांबतात. या वेळात थ्रेडचा आकडा उतरायला हवा. सकाळी ९०, साडेबाराला १४०, तीनला ७०, संध्याकाळी परत १३० असं दिसलं तर थ्रेड गर्दीबरोबर वरखाली होतायत. सकाळी ९०, दुपारी १४०, तीनलाही १४० आणि संध्याकाळी १९० असं असेल तर थ्रेड जन्माला येतायत पण मरत नाहीत. गळती म्हणतात ती हीच. तिसरा प्रकार असतो तो अचानक उसळीचा. ७० वर बसलेला आकडा पाच मिनिटांत २५० च्या घरात जातो आणि तिथेच सपाट होतो. त्यात गळती नसते. मागे कुठेतरी काहीतरी तुंबलेलं असतं आणि त्याचा तपास वेगळा. तो पुढे येतो.

दुसरा उपयोगी आकडा ‘जेसीएमडी’ ही जेडीकेबरोबर (जावाच्या प्रोग्रामरांच्या संचाबरोबर) येणारी आज्ञा देते. प्रोसेस क्रमांकापुढे ‘पर्फकाउंटर डॉट प्रिंट’ लिहा आणि निकालात ‘जावा डॉट थ्रेड्स’ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. ‘लाइव्ह’ म्हणजे आत्ता जिवंत असलेले, ‘लाइव्हपीक’ म्हणजे आजवरचा उच्चांक, आणि ‘स्टार्टेड’ म्हणजे सुरू झाल्यापासून जन्मलेले एकूण. ‘लाइव्ह’ ८० वर स्थिर पण ‘स्टार्टेड’ दोन लाखांवर गेलेला असेल तर गळती नाही, पण कोणीतरी प्रत्येक छोट्या कामासाठी नवा थ्रेड बनवून टाकून देतंय. तोही दोषच, फक्त तो सर्व्हर पाडत नाही, सीपीयू खातो.

‘पीएस’चा आकडा ‘लाइव्ह’पेक्षा नेहमी थोडा जास्त येतो. कचरा, म्हणजे नको झालेली मेमरी, गोळा करणारे आणि कोड कंपाइल करणारे जेव्हीएमचे (जावा चालवणाऱ्या इंजिनाचे) स्वतःचे थ्रेड ‘लाइव्ह’मध्ये धरले जात नाहीत. जितके कोअर जास्त तितके हे जास्त. या फरकाने गोंधळून जाऊ नका.

रीस्टार्ट करण्याआधी डंप

सर्व्हर अडकला की फोन वाजायला लागतात आणि हात आपोआप रीस्टार्टकडे जातो. रीस्टार्ट केला की पुरावा पुसला गेला, आणि पुढच्या वेळेपर्यंत काहीही कळणार नाही. डंप म्हणजे त्या क्षणी प्रत्येक थ्रेड कुठल्या ओळीवर उभा आहे त्याची यादी. तो घ्यायला अर्धा मिनिट लागतो. फोनवरच्या माणसाला अर्धा मिनिट थांबवा.

आज्ञा अशी : ‘जेसीएमडी’, प्रोसेस क्रमांक, ‘थ्रेड डॉट प्रिंट -एल’, आणि निकाल फाइलमध्ये वळवा. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन डंप घ्या. एका डंपवरून थ्रेड अडकलाय की नुसता तिथून जाताना सापडला हे सांगता येत नाही. तिन्हींत तो त्याच ओळीवर उभा असेल तर अडकलाय.

इथे नवख्यांचे पाय तीन ठिकाणी अडकतात. एक, जावा ज्या युजरने चालवलेली आहे त्याच युजरने ‘जेसीएमडी’ चालवायची. दोन, टॉमकॅट सिस्टिमडीखाली (लिनक्सवर सेवा चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेखाली) ‘प्रायव्हेट टेम्प’ चालू ठेवून बसवलेला असेल तर त्याचं टेम्प फोल्डर तुमच्यापेक्षा वेगळं असतं. मग जावाच्या काही आवृत्त्यांत ‘जेसीएमडी’ला जोडणीची सॉकेट फाइल सापडत नाही आणि ती तक्रार करून थांबते. तीन, मशीनवर फक्त जेआरई (जावा नुसती चालवायचा संच) असेल तर ही आज्ञाच नसते. दुसऱ्या आणि तिसऱ्या अडचणीत ‘किल -३’ कामाला येते. नाव भयानक असलं तरी ती प्रोसेस मारत नाही, डंप ‘कॅटालिना डॉट आउट’मध्ये किंवा सिस्टिमडीच्या जर्नलमध्ये लिहून देते. अपवाद एकच आणि तो महागात पडतो : जावा ‘-एक्सआरएस’ हा पर्याय देऊन चालवली असेल तर ‘किल -३’ने ती खरोखरच मरते. आधी ‘पीएस’ने चालू पर्याय वाचून घ्या.

नावांची मोजदाद

डंप उघडला की हजारो ओळी दिसतात. त्या वरून खाली वाचायच्या नाहीत. प्रत्येक थ्रेडची पहिली ओळ दुहेरी अवतरण चिन्हाने सुरू होते आणि त्यात थ्रेडचं नाव असतं. ‘ग्रेप’ने एवढ्याच ओळी काढा, ‘कट’ने अवतरणातलं नाव तेवढं ठेवा, ‘सेड’ने नावातले आकडे पुसून त्या जागी ‘न’ घाला, मग ‘सॉर्ट’, ‘युनिक -सी’ आणि परत उतरत्या क्रमाने ‘सॉर्ट’. हाती असं काहीतरी येतं :

३१२  पूल-न-थ्रेड-न
४४  एचटीटीपी-एनआयओ-न-एक्झेक-न
८  जीसी थ्रेड#न
२  कॅटालिना-युटिलिटी-न
१  हिकारीपूल-न हाउसकीपर

अर्धं निदान इथेच झालं. ‘एक्झेक’ हे टॉमकॅटचे रिक्वेस्ट हाताळणारे थ्रेड, ते ४४ म्हणजे ठीक आहेत. ३१२ ‘पूल’ कोणाचे? कोडमध्ये एक्झिक्युटर (आलेली कामं करणाऱ्या थ्रेडचा संच, म्हणजेच पूल) बनवताना नाव दिलं नाही की जावा स्वतःच ‘पूल-१-थ्रेड-१’ असं नाव देते. आता पुसलेले आकडे परत बघायला हवेत, कारण सगळं त्यांत आहे.

पहिला आकडा पूलचा, दुसरा त्या पूलमधल्या थ्रेडचा. ‘पूल-१-थ्रेड-१’, ‘पूल-२-थ्रेड-१’, ‘पूल-३-थ्रेड-१’ असं करत ‘पूल-३१२-थ्रेड-१’पर्यंत गेलं असेल, तर ३१२ पूल बनले आणि प्रत्येकात एकच थ्रेड कामाला लागला. याचा अर्थ कोणीतरी पूल बनवण्याची ओळ एखाद्या मेथडच्या आत लिहिली आहे, आणि ती मेथड दर वेळी नवा पूल बनवते. नेहमीचं उदाहरण : बिल तयार झालं की एसएमएस पाठवायचा, म्हणून एसएमएसच्या मेथडमध्येच चार थ्रेडचा ‘फिक्स्ड थ्रेड पूल’. चारपैकी एकच दिसतो, कारण पूल थ्रेड आधीच बनवून ठेवत नाही, काम येईल तसा बनवतो, आणि इथे काम एकच येतं. एसएमएस गेला, मेथड संपली, व्हेरिएबल सुटलं, पण थ्रेड राहिला. तो पूलच्या रांगेपाशी पुढच्या कामाची वाट बघत बसतो. डंपमध्ये त्याची अवस्था ‘वेटिंग’ दिसते आणि स्टॅकमध्ये ‘लिंक्ड ब्लॉकिंग क्यू’चं ‘टेक’. पुढचं काम कधीच येणार नसतं, कारण त्या पूलचा पत्ता आता कोणाकडेच नाही. कचरा गोळा करणाराही त्याला हात लावत नाही, कारण जिवंत थ्रेड स्वतःच मूळ (जिथून वापरातल्या वस्तू शोधायला सुरुवात होते ते टोक) धरला जातो आणि आपल्या पूललाही धरून ठेवतो.

उलट ‘पूल-३-थ्रेड-१’पासून ‘पूल-३-थ्रेड-३१२’ असं असेल तर पूल एकच आहे, पण त्याला वरची मर्यादा नाही. बहुधा ‘कॅश्ड थ्रेड पूल’. हा पूल प्रत्येक कामाला मोकळा थ्रेड शोधतो, न मिळाला तर नवा बनवतो, आणि रिकामा थ्रेड ६० सेकंदांनी सोडतो. कामं झटपट होत असतील तर उत्तम चालतो. एसएमएसचा गेटवे मंदावला की प्रत्येक काम मिनिटभर रेंगाळतं आणि थ्रेडचा ढीग लागतो. पहिल्या प्रकारात दुपारी आकडा उतरत नाही, या प्रकारात उतरतो.

जावा ११ पासून डंपमधल्या प्रत्येक थ्रेडपुढे ‘सीपीयू’ आणि ‘इलॅप्स्ड’ हे दोन आकडे येतात. ‘इलॅप्स्ड’ म्हणजे थ्रेडचं वय, सेकंदांत. लागोपाठच्या दोन पूलमधल्या थ्रेडची वयं वजा करून बघा. फरक दर वेळी बरोबर ३०० येत असेल तर गुन्हेगार रिक्वेस्ट नाही, दर पाच मिनिटांनी चालणारं ठरावीक काम आहे. फरक वेडावाकडा असेल आणि दुपारी मोठा होत असेल तर माणसांच्या ऑर्डरींमागून येतोय. एवढ्यावरून कोडमध्ये शोधायची जागा निम्म्याहून कमी होते.

दुरुस्ती : पूल एकदाच, ॲप्लिकेशन सुरू होताना बनवायचा. त्याला स्वतःचं नाव देणारी थ्रेड फॅक्टरी लावायची, उदाहरणार्थ ‘एसएमएस-१’, म्हणजे पुढच्या वेळी डंप स्वतःच बोलेल. ॲप्लिकेशन बंद होताना ‘शटडाउन’ म्हणायचं, ३० सेकंद वाट बघायची, तरीही उरले तर ‘शटडाउन नाऊ’. ‘कॅश्ड’ पूल काढून मर्यादित थ्रेड आणि मर्यादित रांगेचा पूल लावायचा. रांगेला मर्यादा द्याच. ‘थ्रेड पूल एक्झिक्युटर’ गाभ्यातल्या संख्येपलीकडे नवे थ्रेड फक्त रांग भरल्यावरच बनवतो. रांग अमर्याद असेल तर ‘मॅक्सिमम’चा आकडा नुसता शोभेला राहतो.

बाकीची नावं

‘थ्रेड-१’, ‘थ्रेड-२’ अशी उघडी नावं म्हणजे कोणीतरी सरळ ‘न्यू थ्रेड’ लिहिलंय. ‘टायमर-न’ म्हणजे ‘टायमर’ बनवला आणि ‘कॅन्सल’ केला नाही. ‘एचटीटीपीक्लायंट-न-सिलेक्टर-मॅनेजर’मधला आकडा चढत असेल तर दर रिक्वेस्टला जावाचा नवा एचटीटीपी क्लायंट बनतोय. तो एकच बनवून सगळीकडे वापरायचा असतो. ‘सिंपल-असिंक-टास्क-एक्झिक्युटर-न’ दिसला तर तो स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कचा. नावात एक्झिक्युटर असलं तरी तो पूल नव्हेच, प्रत्येक कामाला नवा थ्रेड काढतो. स्प्रिंग बूटमध्ये सहसा हे होत नाही, जुन्या साध्या स्प्रिंगच्या प्रकल्पात होतं.

एक्झेक थ्रेड २०० वर जाऊन बसले तर

टॉमकॅटच्या रिक्वेस्ट थ्रेडची कमाल संख्या मुळात २०० असते आणि किमान १०. २०० भरले की पुढच्या जोडण्या स्वीकारल्या जातात पण रांगेत उभ्या राहतात. म्हणून व्यापाऱ्याला एरर दिसत नाही, नुसतं चक्र फिरत राहतं.

२०० हा आकडा कसा गाठला जातो ते रायबंदरच्या फेरीधक्क्यावर उभं राहिलं तर लगेच कळतं. गाड्या तेवढ्याच येतायत, पण चोडणला जाऊन यायला फेरीबोटीला दुप्पट वेळ लागू लागला, तर तेवढीच माणसं उतरवायला दुप्पट बोटी लागतील. थ्रेडचं गणित हेच आहे. सेकंदाला ४० ऑर्डर आणि प्रत्येकीला पाव सेकंद, म्हणजे एका वेळी १० थ्रेड पुरतात. डेटाबेस मंदावून तीच ऑर्डर ५ सेकंद घेऊ लागली की ४० गुणिले ५, बरोबर २००. एकही जादा ग्राहक आलेला नाही.

म्हणून इथे थ्रेड मोजायचे नाहीत, ते कशापाशी उभे आहेत ते बघायचं. ‘एक्झेक’ थ्रेडच्या स्टॅकच्या वरच्या चार-पाच ओळी वाचा. ‘हिकारीपूल’चं (डेटाबेसच्या जोडण्या सांभाळणाऱ्या लायब्ररीचं) ‘गेट कनेक्शन’ दिसत असेल तर ते डेटाबेसच्या जोडणीची वाट बघतायत. हिकारीच्या पूलमध्ये मुळात १० जोडण्या असतात आणि वाट बघण्याची मुदत ३० सेकंद. २०० थ्रेड, १० जोडण्या : १९० जण धक्क्यावर. अशा वेळी ‘मॅक्स थ्रेड्स’ ४०० केलं तर धक्क्यावर ३९० उभे राहतील, पलीकडे जाणारे १०च. ज्या १० थ्रेडकडे जोडण्या आहेत ते कुठल्या क्वेरीवर थांबलेत ते शोधा. बहुतेक वेळा इंडेक्स नसलेलं एखादं टेबल निघतं.

स्टॅकच्या टोकाला ‘सॉकेट रीड’ दिसत असेल तर तो थ्रेड नेटवर्कवरून उत्तराची वाट बघतोय. त्याची अवस्था ‘रनेबल’ लिहिलेली असते, त्यावर विश्वास ठेवू नका, तो काहीही करत नसतो. जावा १३ पासून त्या जागी ‘निओ सॉकेट इम्प्ल’ आणि ‘नेट डॉट पोल’ अशी नावं येतात. जावाच्या ‘एचटीटीपी यूआरएल कनेक्शन’ला मुळात मुदतच नसते, जोडायलाही नाही आणि वाचायलाही नाही. पावसात बाहेरची लाईन मध्येच गेली आणि पलीकडून जोडणी तोडल्याचं कळलंच नाही, तर तो थ्रेड कायमचा तिथेच बसतो. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेच्या ड्रायव्हरांतही वाचनाची मुदत मुळात शून्य, म्हणजे अनंत. जोडणीला ३ सेकंद, वाचनाला १० सेकंद इथून सुरुवात करा. लांबलचक रिपोर्टच्या क्वेरींना वेगळी मुदत द्या, नाहीतर महिनाअखेरीस हिशेबनीस तुम्हाला शोधत येतील.

‘ब्लॉक्ड’ अवस्थेतले थ्रेड बरेच असतील तर ‘वेटिंग टू लॉक’पुढचा पत्ता बघा. सगळ्यांचा एकच असेल तर तोच पत्ता ‘लॉक्ड’ या शब्दापुढे कोणत्या थ्रेडकडे आहे ते शोधा. त्या एकाचा स्टॅक म्हणजे उत्तर.

आणि एक खोटी घंटा. गर्दी ओसरूनही ‘एक्झेक’ थ्रेड २०० वरून उतरत नाहीत, म्हणून गळती आहे असं पुष्कळांना वाटतं. रिकामा थ्रेड ६० सेकंद बिनकामाचा राहिला तरच टॉमकॅट त्याला सोडतो, आणि काम साधारण सगळ्यात जास्त वेळ थांबलेल्याला मिळतं. म्हणजे २०० थ्रेडना मिनिटाला एकेक काम मिळालं तरी एकही मरत नाही, आणि त्याला सेकंदाला चार रिक्वेस्ट पुरेशा आहेत. सर्व्हर जिवंत आहे का विचारणारं मॉनिटरिंग आणि दोन-चार उघडे ब्राउझर मिळून तेवढ्या रिक्वेस्ट सहज होतात. स्टॅकमध्ये ‘टास्क क्यू’चं ‘पोल’ किंवा ‘टेक’ दिसत असेल तर ते निवांत बसलेत, बसू द्या.

सर्व्हर न थांबवता वॉर बदलली की

वॉर म्हणजे ॲप्लिकेशनची बांधलेली फाइल, आणि ती बदलून परत चढवणं म्हणजे रीडिप्लॉय. प्रत्येक रीडिप्लॉयनंतर थ्रेड एका पायरीने वर जात असतील तर ‘कॅटालिना’च्या लॉगमध्ये ‘अपिअर्स टू हॅव स्टार्टेड अ थ्रेड नेम्ड’ हे शब्द शोधा. टॉमकॅट स्वतःच नाव घेऊन सांगतो की अमुक थ्रेड ॲप्लिकेशनने सुरू केला आणि बंद केला नाही. असा एक थ्रेड जुन्या ॲप्लिकेशनचा अख्खा क्लासलोडर (त्याचे क्लास आणणारा भाग) धरून ठेवतो, त्यामुळे मेटास्पेस, म्हणजे क्लासची माहिती राहते ती मेमरी, हीही फुगते. बंद करण्याचा कोड ‘कॉन्टेक्स्ट डिस्ट्रॉइड’मध्ये किंवा स्प्रिंगच्या ‘प्री डिस्ट्रॉय’ मेथडमध्ये जातो.

नावावरून सापडत नसेल तेव्हा

कधी नाव निरर्थक असतं किंवा थ्रेड लायब्ररीच्या पोटातून येतो. मग जन्माच्या क्षणी पकडायचं. जेएफआर म्हणजे जावाचा स्वतःचा घटना-नोंदक. ‘जेसीएमडी’ने ‘जेएफआर डॉट स्टार्ट’ द्या, मुदत १२० सेकंद आणि फाइलचं नाव सांगा. फाइल तयार झाली की ‘जेएफआर प्रिंट’ या आज्ञेने फक्त ‘जेडीके डॉट थ्रेडस्टार्ट’ घटना छापा. अलीकडच्या आवृत्त्यांत प्रत्येक घटनेसोबत थ्रेड सुरू करणाऱ्याचा स्टॅक येतो. त्यात तुमच्या स्वतःच्या पॅकेजची सगळ्यात वरची ओळ म्हणजे दोषी जागा. चालू सर्व्हरवर दोन मिनिटांच्या रेकॉर्डिंगचा बोजा जाणवत नाही.

जावा २१ चे व्हर्च्युअल थ्रेड (जावा स्वतः सांभाळते ते हलके थ्रेड) वापरत असाल तर ते ‘थ्रेड डॉट प्रिंट’मध्ये दिसत नाहीत. त्यांच्यासाठी ‘थ्रेड डॉट डंप_टू_फाइल’ आहे.

मर्यादा कुठली लागली

कारण सापडल्यावरच मर्यादेला हात लावा. ‘प्रॉक’मधल्या ‘लिमिट्स’ फाइलमध्ये ‘मॅक्स प्रोसेसेस’ची ओळ असते. नावात प्रोसेस असलं तरी तिथे थ्रेडही मोजले जातात, आणि एका प्रोसेसचे नाही तर त्या युजरचे सगळे मिळून. म्हणून एकाच युजरखाली दोन टॉमकॅट चालवले की एकाची गळती दुसऱ्याला पाडते. सिस्टिमडी असेल तर ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’मध्ये ‘टास्क्स’ची ओळ आणि कंसात मर्यादा दिसते. तिथे ४९१५ सारखा चमत्कारिक आकडा दिसला तर तो ३२७६८ च्या १५ टक्क्यांवरून आलेला असतो. कंटेनरमध्ये सीग्रुपची (लिनक्समध्ये प्रोसेसच्या गटाला मर्यादा घालणाऱ्या सोयीची) ‘पिड्स डॉट मॅक्स’ ही फाइल बघा, ‘यूलिमिट’ (युजरची मर्यादा) भरपूर असूनही ती आडवी येते.

दुरुस्ती चढवली की तीच मिनिटाची स्क्रिप्ट परत लावा आणि दोन दुपारी बघा. मग घंटा बसवा : टॉमकॅटचे कमाल थ्रेड, तुमच्या सगळ्या पूलच्या कमाल संख्या आणि जेव्हीएमसाठी साधारण ५० यांची बेरीज करा, त्यावर वीसेक टक्के जास्त धरा. २०० अधिक ४० अधिक ५० म्हणजे २९०, तर घंटा ३५० ला. आणि त्या घंटेला नुसता मेसेज जोडू नका, तीन डंप आपोआप फाइलमध्ये घेणारी स्क्रिप्टही जोडा. रात्री दोनला रीस्टार्ट करणारा माणूस डंप घ्यायला विसरणारच.